हातचा एक

अत-बाशीच्या शाळेत बारा लॅपटॉप घेऊन पोचले
तेव्हा बाहेर उणे एकवीस होतं
आणि शिक्षक कोटांसकट बसले होते.
कोपऱ्यात कोळशाची शेगडी.
भिंतीवर किरगिझस्तानचा नकाशा, नद्या पुसट झालेला.

पहिल्या बाकावर बुरुलचा एजे.
एकतीस वर्षं गणित, दोन वर्षांनी निवृत्ती.
माझ्या वायरींकडे त्यांनी असं पाहिलं
जसं सोयरीक घेऊन आलेल्या परक्याकडे बघतात:
चहा द्यायचा, मुलगी द्यायची नाही.

"लूप म्हणजे," मी सुरू केलं,
"तीच सूचना पुन्हा, पुन्हा, पुन्हा."
"म्हणजे आठवी ब," मागून कुणीतरी म्हणालं.

त्या हसल्यात एजे उठल्या.
खुर्चीवरचा शिरदाक काढून टेबलावर पसरला.
नमद्याचे दोन थर, लाल आणि काळा,
एकावर एक ठेवून एकाच सुरीने कापलेले;
लालातून निघालेलं शिंग काळ्याच्या पोकळीत बसतं,
काळ्यातलं लालात,
चिंधीसुद्धा वाया जात नाही.
"शिंग, वळण, शिंग, वळण.
कोपरा आला तर वळा, नाही तर पुढे.
माझी आई असंच सांगायची. हेच ना?"

हेच.
बिश्केकहून रात्रभर जागून आणलेल्या
माझ्या बावन्न स्लाइड्स
तिथेच मिटल्या.

दुपारी यंत्राला ओळखायला शिकवायचं होतं.
तयार संच होता माझ्याकडे,
हिरव्यागार कुरणांवरच्या
धुतल्यासारख्या मेंढ्यांचे हजार फोटो.
तालायबेक अगाईंनी खिडकीतून
समोरच्या कुंपणातली मेंढी टिपली,
गुबगुबीत चरबीच्या शेपटीची, दाढीला हिम.
पडदा थोडा विचारात पडला. मग म्हणाला:
डुक्कर. एक्क्याण्णव टक्के.

खोली आधी गार झाली,
आणि मग अशी हसली की शेगडीवरची किटली डुलली.
कुणी म्हणालं, मालकाला सांगू नका,
तो यंत्र घेऊन जाईल आणि मेंढी इथे सोडेल.

एजे हसल्या नाहीत.
"याने ही शेपटी कधी पाहिलीच नव्हती?"
कुणी दाखवलीच नव्हती, मी म्हटलं.
"आणि तरी एवढी खात्री."

खडू हातात फिरवत राहिल्या.
मग फळ्याकडे बघतच, कुणाला म्हणून नाही:
"एका हिवाळ्यात भूगोलाची बाई बाळंतपणाला गेली,
तिचे पेपर मी तपासले.
ऋतू किती? एकाने लिहिलं, पाच.
पाचवा चिखलाचा, कोकरं जन्मतात तो,
तेव्हा शाळेला येता येत नाही.
मी लाल फुली मारली.
पुस्तकात चार होते."

कुणी काही बोललं नाही.
बेरीज बरोबर मांडून
हातचा घ्यायचा राहून जावा,
तशी खोली.

मग सगळे बुटांवर बूट चढवून बाहेर.
पन्नाशीतल्या बायका बर्फात गुडघ्यांवर,
मेंढ्यांसमोर मोबाइल धरून.
दोनशे चौदा फोटो, काहींत फक्त बोटं.
अंधार पडायच्या आत यंत्र पुन्हा शिकलं.
मेंढी, त्याने सांगितलं. अठ्ठ्याऐंशी टक्के.
शाळेचा कुत्रा दाखवला, तीही मेंढी.
"आता याला कुत्रे दाखवायला लागतील,"
एजे म्हणाल्या,
आणि पहिल्यांदाच लॅपटॉप स्वतःकडे ओढला.

संध्याकाळी व्हॅन न्यायला आली. कुबात चालवतो.
एजेंचं घर शाळेपलीकडेच,
तरी त्या पुढच्या सीटवर चढल्या.
"पुलापर्यंत सोड," म्हणाल्या, "मग चालत येईन."

हीटरच्या घरघरीत मागे मला
त्यांचं बोलणं ऐकू आलं नाही.
काहीतरी विचारलं त्यांनी. तो बराच वेळ
रस्त्याकडेच बघत राहिला, कान लाल.

मग स्टिअरिंगवरचा एक हात सोडून
काचेतल्या उजेडात
त्याने पंजा उघडला,
पाची बोटं.